कोडच्या डाव्या समासाबद्दल : संगणक अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठे, तंत्रनिकेतने आणि स्वायत्त महाविद्यालये यांतील संगणक अभ्यास मंडळांचे सदस्य, प्रात्यक्षिके घेणारे सर आणि मॅडम, तसेच परीक्षेच्या हंगामात एक्स्टर्नल म्हणून गावोगावी फिरणारी मंडळी यांस

सप्रेम नमस्कार.

बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकलच्या गुणांची वाटणी करताना आउटपुटला मोठा वाटा जातो, व्हायवाला थोडा, जर्नल वेळेत दिल्याबद्दल थोडा, आणि उरलेसुरले एक-दोन गुण 'प्रेझेंटेशन' नावाच्या रकान्यात पडतात. हस्ताक्षर, फ्लोचार्टच्या चौकटी, पानावरची तारीख आणि कोडचे इंडेंटेशन, म्हणजे प्रत्येक ओळीआधी डावीकडे सोडलेला समास, हे सगळे त्या एकाच रकान्यात कोंबलेले असते. हे पत्र त्या रकान्याविषयी आहे. इंडेंटेशन तिथून उचलून लॉजिकच्या रकान्यात न्यावे आणि ते राखण्याचे काम जिथे शक्य आहे तिथे मुलांच्या बोटांवर न सोडता प्रोग्रामकडे द्यावे, एवढी माझी मागणी. का, ते जरा सविस्तर मांडतो.

माझा रोजचा बराचसा वेळ इतरांनी लिहिलेला कोड वाचण्यात जातो. त्यांत नुकतीच पदवी घेऊन आलेली मुले-मुली पुष्कळ असतात. हुशार असतात, यात वाद नाही. बायनरी ट्री फळ्यावर सुलटा-उलटा फिरवून दाखवतात. पण त्यांची फाईल उघडली की एक फंक्शन चार स्पेस आत, दुसरे टॅबने, तिसरे कुठून तरी उचललेले म्हणून दोन स्पेसने, आणि शेवटचे महिरपी कंस जिथे जागा मिळाली तिथे टेकलेले. विचारले तर उत्तर ठरलेले: "सर, रन होतंय की." या उत्तरात उद्धटपणा नसतो. तीन-चार वर्षे त्यांना एवढेच विचारले गेलेले असते.

आता पुढचा तुकडा पाहा. शब्द मराठीत लिहिले आहेत, व्याकरण मात्र सीचेच समजा.

जर (हजेरी >= ७५)
    जर (गुण >= ४०)
        लिहा("उत्तीर्ण");
अन्यथा
    लिहा("हजेरी कमी");

वाचणाऱ्याला वाटते, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांहून कमी असेल तर दुसरा शेरा छापला जाईल. तसे होत नाही. सीच्या नियमाप्रमाणे 'अन्यथा' आपल्या सर्वांत जवळच्या, जोडी न मिळालेल्या 'जर'ला चिकटतो. इथे तो आतला. त्यामुळे नव्वद टक्के हजेरी लावून पस्तीस गुण मिळवणाऱ्या मुलाच्या नावापुढे "हजेरी कमी" असे येते, आणि वर्षभर वर्गात फिरकलाच नाही त्याच्यापुढे काहीच येत नाही. कंपायलरने, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, त्याचे काम चोख केले आहे. समासाने मात्र लिहिणाऱ्याच्या मनातले सांगितले, कोडमधले नाही. हा तुकडा दिसायला सुबक आहे. 'प्रेझेंटेशन'च्या रकान्यात त्याला पैकीच्या पैकी मिळतील, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

हे केवळ फळ्यावरचे उदाहरण वाटत असेल तर २०१४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट तुम्हाला आठवत असेलच. आठवत असली तरी वर्गात सांगता का, हे विचारतो. ॲपलने २१ फेब्रुवारीला आयफोनसाठी घाईघाईने आयओएस ७.०.६ दिले आणि चार दिवसांनी मॅकसाठी तीच दुरुस्ती दिली. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरा आहे की तोतया, हे तपासणाऱ्या फंक्शनमध्ये एक घोटाळा होता. त्या फंक्शनमध्ये एकामागून एक तपासण्या होत्या. प्रत्येकीची रचना सारखी: चूक निघाली तर 'गोटू फेल', म्हणजे शेवटच्या साफसफाईच्या भागाकडे उडी. कंस नव्हते, कारण अटीखाली एकच ओळ होती. कुठे तरी ती ओळ चुकून दोनदा पडली. एकाखाली एक, तंतोतंत एकाच समासावर.

पहिली उडी अटीची होती. दुसरी कुणाचीच नव्हती. ती दर वेळी घडायची. आणि तोपर्यंत चूक काही निघालेली नसल्यामुळे चुकीचा क्रमांक शून्यच असायचा, म्हणजे फंक्शन 'सगळे ठीक' असे सांगून बाहेर पडायचे. सही पडताळण्याची जी खरी पायरी होती ती त्याच्या खाली होती आणि तिच्यापर्यंत कुणी पोहोचतच नव्हते. त्याच वायफायवर बसलेला लबाड माणूस बँकेच्या सर्व्हरचे सोंग घेऊ शकला असता.

यातून "इंडेंटेशन नीट करा" असा धडा काढणारे बरेच भेटतात. तो धडा चुकीचा आहे. त्या फाईलचे इंडेंटेशन नीटच होते, आणि त्या नीटपणामुळेच दुसरी ओळ पहिलीसारखी निरुपद्रवी वाटली. समास माणसाने हाताने दिला होता, म्हणून तो माणसाच्या समजुतीप्रमाणे पडला. तीच फाईल एखाद्या फॉरमॅटरमधून, म्हणजे कोडची मांडणी आपोआप करून देणाऱ्या प्रोग्राममधून, काढली असती तर त्याने कोडची रचना वाचली असती, दुसऱ्या 'गोटू'वर कुठलीच अट नाही हे त्याला दिसले असते, आणि ती ओळ एक पायरी डावीकडे येऊन उघडी पडली असती. वरच्या हजेरीच्या तुकड्यातही हेच घडते: फॉरमॅटर 'अन्यथा'ला उचलून आतल्या 'जर'खाली नेऊन ठेवतो आणि पोरगा म्हणतो, अरे, हे काय? फॉरमॅटरची खरी किंमत या 'अरे'मध्ये आहे. देखणेपणा वरकड.

कंपायलरलाही पुढे शहाणपण आले. २०१६ साली आलेल्या जीसीसी या मोफत सी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत दिशाभूल करणाऱ्या इंडेंटेशनबद्दल सूचना देण्याची सोय आली आणि ती 'वॉल' (-Wall) या नेहमीच्या पर्यायातच घातली गेली. लोंबकळत्या 'एल्स'बद्दलची, म्हणजे वरच्या 'अन्यथा'सारख्या घोटाळ्याबद्दलची, वेगळी सूचनाही त्याच पर्यायात मिळते. म्हणजे लॅबमधल्या मुलांनी कंपाइल करताना हा एक पर्याय जोडला तर वरचे दोन्ही घोटाळे त्यांना फुकट कळतात. ज्या लॅबमध्ये आजही डॉसबॉक्सच्या खिडकीत टर्बो सी या जुन्या कंपायलरचा निळा पडदा उघडला जातो तिथे हे कळायचा मार्ग नाही. त्या निळ्या पडद्याविषयी वेगळे पत्र लिहावे लागेल, आज नको. पण एक बारकावा इथेच सांगतो. जीसीसीची ही सूचना ओळी एकाखाली एक आहेत की नाहीत हे पाहते, आणि फाईलमध्ये टॅब आणि स्पेस मिसळलेले असतील तर टॅब आठ जागांचा धरते. मुलाच्या एडिटरमध्ये तो चारचा असेल तर त्याला जे दिसते ते कंपायलरला दिसत नाही. पहारेकरी ठेवलात, पण त्याच्या चष्म्याचा नंबर वेगळा.

इथपर्यंत मी सीबद्दल बोललो. पायथनमध्ये सगळा मामलाच उलटा होतो, आणि आता पहिल्या वर्षाला पायथन शिकवणारी महाविद्यालये कमी नाहीत, म्हणून हे वेगळे सांगायला हवे. सीमध्ये कंसांवरून रचना ठरते आणि समास फक्त माणसासाठी असतो, म्हणून तो खोटे बोलू शकतो. पायथनमध्ये समास हीच रचना. तो खोटे बोलत नाही, चुकू मात्र शकतो. बेरीज करणाऱ्या फंक्शनमधला 'रिटर्न' एक पायरी आत सरकला तर लूप पहिल्याच फेरीत संपतो. कुठलीही एरर येत नाही, फक्त उत्तर चुकते. इथे फॉरमॅटर काही करू शकत नाही, कारण तुमच्या मनात 'रिटर्न' कुठे होता हे त्याला कसे कळणार? थोडक्यात, सीचा समास यंत्राने लिहावा आणि माणसाने वाचावा. पायथनचा समास माणसाने विचार करून लिहावा लागतो आणि यंत्र तो वाचते. पोरांना दोन्ही भाषा एकाच वर्षात शिकवायच्या आणि हा फरक सांगायचा नाही, हे मला पटत नाही.

पायथन २ मध्ये तर याहून मजा होती. तो इंटरप्रिटर टॅब आला की पुढच्या आठच्या पटीपर्यंत सरकायचा. चारचा टॅब दाखवणाऱ्या एडिटरमध्ये टॅबची ओळ आणि आठ स्पेसची ओळ वेगवेगळ्या पायऱ्यांवर दिसायच्या, चालायच्या मात्र एकाच पायरीवर. पायथन ३ ने असे संदिग्ध मिश्रण सरळ नाकारले आणि 'टॅब एरर' द्यायला सुरुवात केली. मुले या एररला वैतागतात. त्यांना सांगा की आधीची पिढी ही एरर मिळत नाही म्हणून वैतागायची.

मग समास किती द्यायचा? स्टाफरूममध्ये या प्रश्नावर दोन गट पडलेले मी ऐकले आहेत, आणि एक सर चार स्पेसचे गुण देतात तर दुसरे दोनचे, म्हणून बॅच बदलली की मुले फाईल बदलतात, हेही. हा वाद मला वेळेचा अपव्यय वाटतो. लिनक्स कर्नलचा लिखित नियम आठ जागांच्या टॅबचा आहे. तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर प्रोग्रामच दुरुस्त करा, असे त्यात ठणकावून लिहिले आहे. पायथनची २००१ पासूनची शैलीपुस्तिका चार स्पेस सांगते. गूगल आपल्या सी++ आणि जावासाठी दोन स्पेस वापरते. गो भाषेने टॅब घेतला. ही सगळी मंडळी जगभर चालणारी सॉफ्टवेअरे लिहितात. त्यांच्यात एकमत आहे ते एवढ्यावरच, की आपल्या घरात एकच नियम असेल.

संशोधनही इथे फार मदतीला येत नाही. १९८३ साली मेरीलँड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी नवशिक्या आणि अनुभवी प्रोग्रामरांना वेगवेगळ्या समासाचे प्रोग्राम देऊन पाहिले, तेव्हा दोन ते चार स्पेस समजायला सोपे ठरले. २०१९ साली काही संशोधकांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र लावून तसाच प्रयोग पुन्हा केला तर किती आत सरकवले याने त्यांना फरक आढळला नाही. एवढ्या लटपटत्या पायावर कुणाचा अर्धा गुण कापू नये. आणि हो, २०१७ साली स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या सर्वेक्षणातून निघालेले ते वाक्य, की स्पेस वापरणारे टॅब वापरणाऱ्यांपेक्षा जास्त पगार घेतात, ते आकडे खरे होते. पण म्हणून पगारवाढीसाठी स्पेसबार बडवणाऱ्या मुलाला एकदा संख्याशास्त्राच्या सरांकडे पाठवा.

गो भाषेने या वादाचा जो निकाल लावला तो मला सर्वांत आवडतो. २००९ साली भाषा जगापुढे आली तेव्हाच तिच्यासोबत गोफम्ट नावाचा फॉरमॅटर होता आणि समास किती हवा हे विचारणारा पर्याय त्यात नाही. भाषेच्या निर्मात्यांपैकी रॉब पाइक यांनी पुढे म्हटले ते असे, की गोफम्टची शैली कुणाचीच लाडकी नाही, तरी गोफम्ट सगळ्यांचा लाडका आहे. पायथनमध्ये २०१८ साली आलेल्या ब्लॅकने हीच वाट धरली. जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर आहे, सी आणि सी++ साठी क्लँग-फॉरमॅट आहे. सगळे फुकट, आणि एकदा उतरवून घेतले की लॅबमध्ये इंटरनेट नसले तरी चालणारे.

"आपण सगळे चार स्पेस वापरू" असा फतवा काढूनही भागत नाही, हे ज्यांनी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे. एकाच फोल्डरमध्ये तीन फाईली असतात. मेक हा प्रोग्राम आपल्या आज्ञा ज्यातून वाचतो त्या मेकफाईलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो. स्पेस दिले की 'मिसिंग सेपरेटर' म्हणून काम थांबते. सेटिंग लिहून ठेवायच्या यॅमलच्या फाईलमध्ये इंडेंटेशनसाठी टॅब निषिद्ध. पायथनमध्ये काहीही चालेल, पण भेसळ नको. मेकची कथा तर ऐकण्यासारखी आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये तो प्रोग्राम लिहिला. टॅबची अट अडचणीची आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आले, पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, तो वापरू लागले होते, आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभर मित्रांच्या सोयीसाठी आज आपली पोरे रात्री बारा वाजता डोके धरून बसतात. याला उपाय म्हणून एडिटरकॉन्फिग नावाची साधी मजकुराची फाईल असते. पायथनला चार स्पेस, मेकफाईलला टॅब, यॅमलला दोन स्पेस, असे पाच-सात ओळींत लिहून ती फोल्डरमध्ये ठेवली की बहुतेक एडिटर मुकाट्याने ते पाळतात, काही आपसूक, काही एक छोटे प्लगइन घालून.

गटाने करायच्या प्रोजेक्टमध्ये ही फाईल नसली की काय होते, ते परीक्षक म्हणून तुमच्याही डोळ्यांखालून गेले असेल. चौघांचे चार एडिटर. एकीने एक ओळ बदलून फाईल सेव्ह केली, तिच्या एडिटरने सगळे टॅब स्पेस करून टाकले, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या हिशेबात पाचशे ओळी बदलल्या. आता कोणती ओळ कुणी लिहिली हे विचारले तर गिट सगळ्यांपुढे तिचेच नाव दाखवते. तुम्ही व्हायवाला "यात तुझे योगदान काय?" असे विचारता ना? त्याचा पुरावा असा पुसला जातो. गिटला फक्त मोकळ्या जागेतले बदल दुर्लक्षित करायला सांगता येते, आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या २.२३ या आवृत्तीपासून 'हा फॉरमॅटिंगचा बदल धरू नकोस' असेही सांगता येते. पण पायथनमध्ये मोकळी जागा हाच अर्थ असतो, तेव्हा तो पहिला पर्याय वापरणे म्हणजे खऱ्या बदलांवरही पांघरूण घालणे. पहिल्या दिवशी नियम ठरवणे या सगळ्यापेक्षा स्वस्त.

आता थोडे तुमच्या बाजूचे. प्रॅक्टिकलची मॅन्युअल्स बहुधा वर्डमध्ये तयार होतात आणि पीडीएफ होऊन मुलांपर्यंत पोहोचतात. पीडीएफमधून कोड कॉपी केला की ओळीच्या सुरुवातीच्या जागा पुष्कळदा गळून पडतात आणि सगळ्या ओळी डाव्या भिंतीला चिकटतात. सीचा प्रोग्राम असेल तर बिघडत नाही, कंस शाबूत असतात आणि फॉरमॅटर सगळे पुन्हा उभे करतो. पायथनचा प्रोग्राम असेल तर तो कायमचा गेला. कुठली ओळ लूपच्या आत होती आणि कुठली बाहेर, ही माहितीच त्या जागांमध्ये होती. मुले मग अंदाजाने स्पेस मारत बसतात आणि एरर थांबली की थांबतात. उत्तर बरोबर आले की नाही हा पुढचा प्रश्न. दुसरा त्रास न तुटणाऱ्या स्पेसचा. वर्ड किंवा एखादे संकेतस्थळ साध्या स्पेसच्या जागी ते चिन्ह घालते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पायथन मात्र अडून बसतो. मॅन्युअलसोबत त्या प्रोग्रामांच्या साध्या फाईली एका झिपमध्ये दिल्या तर ही दोन्ही दुखणी जातात. एवढे करायला अभ्यास मंडळाचा ठरावही लागणार नाही.

आणि जर्नल. आखीव कागदावर हाताने उतरवलेला कोड. कागदाला आधीच लाल समास असतो, ओळी लांब असतात, तिसऱ्या पायरीला उजवी कड येते आणि उरलेली ओळ खाली डावीकडून सुरू होते. इंडेंटेशनचा मुडदा तिथे पडतो, आणि ते उतरवणाऱ्याला शिकायला काय मिळते, हे मला आजवर कुणी समजावून दिलेले नाही. हाताने लिहायचेच असेल तर दहा ओळींचा तुकडा लिहायला सांगा आणि त्याची रचना बोलून दाखवायला सांगा.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण या चर्चेत ती कुणी काढत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी आता संगणकशास्त्राला येतात. एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर ओळीचे इंडेंटेशन बोलून किंवा सुरांच्या चढउताराने सांगू शकतो, ती सोय सेटिंगमध्ये चालू मात्र करावी लागते. लॅब असिस्टंटला हे माहीत असले तर त्या विद्यार्थ्याचे अर्धे वर्ष वाचेल. फाईलमध्ये भेसळ असेल तर त्याला ऐकू येते ते असे: एक टॅब, चार स्पेस, दोन स्पेस एक टॅब. चारचा टॅब दाखवणाऱ्या एडिटरमध्ये डोळसांना तिन्ही ओळी सरळ रेषेत दिसत असतात. त्याला कुठली ओळ कुणाखाली आहे याचा पत्ता लागत नाही. ब्रेल डिस्प्लेवर चाळीस खाने असतील तर चार स्पेसच्या तीन पायऱ्यांत बारा खाने रिकामे जातात. टॅबला बहुधा एकेक खाना पुरतो. कमी दिसणारे विद्यार्थी अक्षर मोठे करतात, त्यांनाही टॅबची रुंदी स्वतःपुरती कमी करता येते, स्पेसची येत नाही. म्हणून अशा विद्यार्थ्याला टॅबमध्ये काम करू द्या आणि जमा करण्यापूर्वी फाईल सामाईक नियमात बदलून घ्या. टॅबचे स्पेस आणि स्पेसचे टॅब करणे यंत्राला क्षणाचे काम आहे, मात्र फाईल आधीपासून एकसारखी असली पाहिजे.

तुमच्यापैकी काहींचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी समोरासमोर ऐकला आहे: आयते मशीनने करून दिले तर मुले आळशी होतील, त्यांना हाताने यायला हवे. यात तथ्य आहे आणि पायथनच्या बाबतीत तर ते पूर्ण मान्य. सीच्या पहिल्या काही प्रॅक्टिकलमध्येही हातानेच करू द्या. 'इफ'च्या पोटात 'फॉर' गेला की पायरी वाढते, हे बोटांतून डोक्यात जायला हवे. पण पायरी कळल्यानंतर स्पेस मोजत बसण्यात कसलेच शिक्षण नाही. आणि आळसाचेच म्हणायचे तर मूळ आळस वेगळ्या ठिकाणी आहे. फॉरमॅटरने ओळ हलवली तर ती का हलली, हे न पाहता सेव्ह करणे हा आळस. तो मोडायचा तर व्हायवाला तेच विचारा.

मंडळाच्या पातळीवर करण्यासारखे फार थोडे आहे. पहिल्याच प्रॅक्टिकलमध्ये एडिटरकॉन्फिगची फाईल आणि त्या भाषेचा फॉरमॅटर यांना एक तास द्या. समास दोनचा की चारचा, याचा निर्णय त्या विषयाच्या शिक्षकांनी मिळून एकदा घ्यावा आणि पुढच्या पुनर्रचनेपर्यंत त्यावर बोलू नये. सी शिकवताना सूचना चालू ठेवून कंपाइल करण्याची सवय लावा आणि सूचना शिल्लक असलेला प्रोग्राम आउटपुट बरोबर आले तरी पुरा समजू नका. गटाच्या प्रोजेक्टमध्ये फॉरमॅटिंगचा बदल आणि कामाचा बदल एकाच कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एकाच नोंदीत, आले तर परत पाठवा.

आणि लेखी परीक्षेत एक प्रश्न घाला. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम द्या, ज्याचा समास एक सांगतो आणि कंस दुसरे. आउटपुट काय येईल ते विचारा, आणि मग तोच प्रोग्राम खऱ्या समासासह पुन्हा लिहायला सांगा. याला पाच गुण ठेवा, लॉजिकच्या खात्यात. गाइडवाले पुढच्या वर्षी असे दहा नमुने छापतील आणि मुले ते पाठ करू पाहतील, पण यात पाठांतर फारसे चालत नाही. ओळ कुणाची आहे ते दर वेळी नव्याने शोधावे लागते.

नमुन्याचे काही प्रोग्राम हवे असतील तर मी आणि माझ्यासारखे अनेक जण आनंदाने काढून देऊ. शनिवारी दुपारी कॉलेजात येऊन एक तास घ्यायलाही तयार आहोत, फक्त लॅबमध्ये जीसीसी असू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इतरांचा कोड वाचून पोट भरणारा एक माजी विद्यार्थी